खिळ्यावरचा मग

सॉ इमला कुणी म्हातारी म्हटलेलं चालतं. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? तिला खपत नाही तो एकच शब्द, 'जपून'. मुलगा क्वालालंपूरहून फोन करतो आणि बोलायला सुरुवातच 'आई, जपून' अशी करतो. डॉक्टर जपून म्हणतो, शेजारीण जपून म्हणते, परवा तर बसच्या ड्रायव्हरनेही म्हटलं. "जपून ठेवायला मी काय लोणच्याची बरणी आहे?" असं तिने त्याला सगळ्या बससमोर सुनावलं आणि मुद्दाम दोन पायऱ्या एकदम उतरली. गुडघ्यातून कळ गेली ती घरी पोचेपर्यंत चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

अशी ही बाई. चाळीस वर्षं तिने पिनांगच्या बाजारात पोपियाच्या, म्हणजे आत भाजी गुंडाळायच्या, पोळ्या काढल्या. एका हातात ओल्या पिठाचा लिबलिबीत गोळा, समोर तापलेला तवा; गोळा तव्यावर टेकवायचा, झटक्यात उचलायचा, मागे राहतो तो पापुद्रा सोलून घ्यायचा. सुनेने त्या धंद्याकडे बघून नाक मुरडलं तेव्हा सॉ इमने गाळा विकून टाकला आणि नवऱ्याला, बेंग च्वानला, घेऊन टेकडीला लागली. आमच्याकडे म्हातारपण टेकडीवरच काढतात. घरात बसून टीव्ही बघणाऱ्या म्हाताऱ्याविषयी लोक हळू आवाजात बोलतात, जसं काही त्याला दुखणं जडलंय.

टेकडीच्या माथ्याजवळ पत्र्याची एक टपरी आहे. तिथे चहा फुकट मिळतो, बरोबर खारी बिस्किटं. टपरीला मालक नाही, आणि नळही नाही. तिथे जे पाणी उकळतं ते सगळं माणसांच्या पाठीवरून वर गेलेलं असतं. वाटेने येणाऱ्याजाणाऱ्याला चहा कागदी पेल्यातून देतात. पण जी माणसं रोज दोन कॅन पाणी वाहतात, त्यांचे स्वतःचे एनॅमलचे मग मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असतात. ज्याचं पाणी वाहणं थांबतं त्याचा मग उतरवतात, घासूनपुसून लख्ख करतात आणि संत्र्यांच्या पिशवीबरोबर त्याच्या घरी पोचवतात. हे सगळं फार आदबीने होतं. पण तो मग हातात घेताना भलीभली माणसं ढसाढसा रडली आहेत. मरेपर्यंत जो पाणी वाहतो, त्याचा मग मात्र कायमचा भिंतीवर राहतो. बेंग च्वानचा निळा मग तसाच आहे, त्याच्या शेजारी सॉ इमचा हिरवा.

गेल्या वर्षी सॉ इम मासळीच्या ओट्याजवळ घसरली. गुडघा गेला, आणि आता हिरवा मग उतरणार असं सगळ्यांनी मनात धरलं. पण नववर्षाचे फटाके वाजून गेले आणि बाई पाठीला पिशवी लावून टेकडीच्या पायथ्याच्या फाटकापाशी हजर! नळावर दोन कॅन भरले, पिशवीत घातले, पिशवी बाकावर टेकवली आणि वाटेच्या तोंडाशी दातुकची लाल देवळी आहे तिथे उदबत्ती लावायला गेली. दातुक हा टेकडीचा राखणदार. तो जागेचा जुना मालक, त्याला विचारल्याशिवाय कुणी वर पाऊल टाकत नाही. तिने हात जोडून सांगितलं, "बाबा, ओझं तू बघ." परत येऊन पिशवी उचलली तर पिशवी हलकी. अगदी अर्धी वाटावी इतकी हलकी.

मग काय विचारता! रोज तोच चमत्कार. भरताना कॅन जड, उदबत्तीनंतर हलके. सॉ इमने हे फाटकापासून टपरीपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. मुलाला फोनवर ऐकवलं. नवसाचा पिवळा भात आणि कोंबडीचा रस्सा करून दातुकला वाहिला आणि सगळ्यांना वाढला. लोकांनी माना डोलवत खाल्ला. टपरीवर सगळ्यांचे कॅन पिंपात ओतून घेणारा, चहा करणारा किम हॉक, एके काळी फेरीबोटीवर दोर टाकायचा तो, दोनदा मागून जेवला.

त्या दिवशीची गोष्ट सांगायची ती अशी. फाटकापाशी एक बस येऊन थांबली होती. पलीकडच्या किनाऱ्यावरून, सुंगाई पेतानीकडून, निवृत्त मंडळींची सहल आली होती. त्यांना सांभाळणारी जास्लिन नावाची मुलगी छोटं निशाण घेऊन सूचना देत होती: फाटकापाशी फोटो, मग जायफळाच्या सरबताचं दुकान, मग जेवण. वर जायची वाट ज्येष्ठांसाठी नाही. ज्येष्ठ बिचारे बाकांवर ओळीने बसले होते. त्यांच्यात लेचुमी होती. रबराच्या मळ्यावर तिने जन्मभर बाळंतपणं केली, त्यामुळे आवाज असा की दोन चाळींपलीकडे जावा. सॉ इमने पिशवी टेकवली ती तिच्याच शेजारी.

सॉ इम देवळीपाशी उदबत्ती पेटवते न पेटवते तोच मागून हाक आली. "आक्का! अहो आक्का! तुमचं पाणी चोरलं!"

हाक मलयमध्ये होती, म्हणून साऱ्या फाटकाला कळली. सॉ इम वळली. किम हॉक तिच्या पिशवीपाशी उभा होता. एका हातात तिचा पांढरा कॅन.

"हाच! हा टोपीवाला!" लेचुमी उभी राहून बोट दाखवत होती. "भरलेला काढला आणि तसलाच रिकामा आत घातला. माझ्या नाकासमोर! आणि वर पट्टाही नीट बांधून ठेवला मेल्याने."

"बाई, तुम्ही गप्प बसा हो," किम हॉक कळवळून म्हणाला.

"का बसू? वय काय, उद्योग काय! पाणी चोरतोस?"

सॉ इम परत आली. पिशवीचा पट्टा धरून उचलून बघितली. हलकी होती. रोजच्यासारखीच हलकी होती, आणि तेच वाईट होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

किम हॉक तिला 'आ-सो' म्हणतो, म्हणजे वहिनी. बेंग च्वान त्याला भावासारखा होता. "आ-सो, ऐकून तर घे..."

"कधीपासून, हॉक?"

"नववर्षापासून."

"म्हणजे तो पिवळा भात..."

"छान झाला होता," किम हॉक बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

सॉ इमने आजूबाजूला बघितलं. रोजची सगळी मंडळी तिथेच होती. कुणी एकाएकी बुटाची नाडी सोडून बांधायला घेतली, कुणाला आभाळात काहीतरी दिसायला लागलं. एकानेही विचारलं नाही की काय झालं. तिला कळायचं ते कळलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रडूही येत होतं, आणि रडू येतंय म्हणून राग आणखी चढत होता.

"गंमत बघत होतात माझी! मी मुलाला फोन करून सांगते, दातुक पावला, आणि तुम्ही इथे कॅन बदलताय!"

"गंमत नाही आ-सो. तुझा मग उतरवायला कुणाचा हात धजेना. दुसरं काय करणार होतो?"

"उतरवायचा होता. मी घरी बसून रडले असते आणि गप्प झाले असते. हे काय केलंत? लहान पोरीसारखी भातुकली खेळवलीत माझ्याशी. खोटं ओझं आणि खरा चहा!" तिने त्याच्या हातातला कॅन ओढून घेतला, रिकामा काढून त्याच्या छातीवर आपटला आणि भरलेला पिशवीत कोंबला. "आज दोन. तुझ्या डोळ्यांदेखत. आणि हात लावलास तर त्या दातुकच्या शपथेने सांगते, तुझी टोपी माकडांना देईन."

लेचुमीचं तोंड उघडंच राहिलं होतं. "म्हणजे हा चोर नाही?"

"चोरापेक्षा वाईट. मित्र आहे," सॉ इम म्हणाली. मग तिने बाकावरच्या रांगेकडे बघितलं. सगळे मांडीवर पिशव्या घेऊन बसले होते. "आणि तुम्ही काय पार्सलं आहात? कुणी उचलून बसमध्ये ठेवेपर्यंत बसणार?"

"आंटी, प्लीज," जास्लिन मधे पडली. "ही वाट सीनियर लोकांसाठी नाही. यांचा विमा नाही. कुणी पडलं तर?"

"पडलं तर उठेल. पोरी, मी कोण आहे मग? ज्युनियर?"

लेचुमीने चपलेचा पट्टा आवळला. "जायफळाचं सरबत मी आयुष्यभर पीत आलेय. आक्का, मी येते. मला काय घ्यायचं?"

"पाणी. जमेल तेवढं. वर पाणी नेलं की माणूस पाहुणा राहत नाही."

लेचुमी उठली तशी आणखी पाच-सहा उठले. एका आजोबांना त्यांच्या बायकोने 'जपून' म्हटलं, तेव्हा सॉ इमने वळून असं बघितलं की त्या बाईही मुकाट उठून बाटली भरायला नळावर गेल्या. जास्लिन फोन कानाला लावून कुणाला तरी रडव्या आवाजात सांगत होती की माझे लोक पळाले.

वाट सुरुवातीला सोपी आहे. बांबूच्या बेटातून जाते, खाली पानांचा चिखल, वर किड्यांची किरकिर इतकी की बोलणं ऐकू येऊ नये. डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली माकडं फांद्यांवर बसून खाली चाललेली वरात बघत होती. पाहुणे दर वळणावर थांबत, सांडलेली रानफुलं उचलत, एकमेकांना झाडं दाखवत. कुणी म्हणालं, अशी सावली मी मळा सोडल्यापासून बघितली नाही. सॉ इम सगळ्यांच्या पुढे होती. दोन्ही कॅनचं ओझं त्या पडण्यानंतर आज पहिल्यांदा खरंखुरं पाठीवर होतं आणि दर पावलाला ते तिला सांगत होतं की बाई, इतके दिवस तू थापा मारत होतीस.

मधल्या धबधब्यानंतर 'सासूचा जिना' लागतो. जिना म्हणजे मुळं. एका प्रचंड झाडाची मुळं उतारावर पसरली आहेत, त्यांवर पाय देत चढायचं, गुडघा छातीला लागेल इतक्या उंच एकेक. सॉ इम पहिल्या मुळावर चढली. दुसऱ्यावर पाय ठेवला आणि गुडघ्याने नकार दिला. तिने पुन्हा जोर केला. पाय लटलटला, ती खाली बसली, आणि बसलेली सगळ्यांना दिसली.

किम हॉक मागून येतच होता. त्याने हात पुढे केला. "दे आ-सो. एक दे. इथपर्यंत आणलास, पुष्कळ झालं."

"हात मागे घे."

"किती हट्ट करशील? बेंग च्वानच्या वेळी तूच काय करत होतीस?"

सॉ इमने मान वर केली.

"शेवटच्या वर्षी त्याला धाप लागायची," किम हॉक म्हणाला. आता त्यालाही राग आला होता. "घरून त्याचे कॅन तू भरून आणायचीस. एक अर्धा असायचा. ओतून घेत होतो मी, मला दिसायचं ना. मी मूग गिळून बसलो. मला ही अक्कल कुणाकडून आली असं तुला वाटतं?"

सॉ इमला आठवलं. बेंग च्वान कमरेवर हात ठेवून टपरीपाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, बघ, अजून दोन नेतो! आणि ती म्हणायची, हो तर. ते 'हो तर' तिला आत्ता पहिल्यांदा ऐकू आलं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि तरीही तिचा राग कमी झाला नाही. दोन्ही एकदम झालं.

पाहुणेही बसले, त्यांना बसायला कारण हवंच होतं. मग तिने पिशवी पाठीवरून काढली, एक कॅन बाहेर घेतला आणि मुळाच्या बेचक्यात ठेवला. उरलेला एक पाठीवर घेऊन ती उठली.

"हा मी घेऊ ना?" किम हॉकने विचारलं.

"तो तिथेच राहील. मी परत येणार आहे त्याच्यासाठी."

"म्हणजे जिना दोनदा चढणार?"

"दोन कॅन म्हणजे दोन कॅन. एका दमात न्यायचे असं कुणी सांगितलंय? तू सांगितलंयस?"

तसं खरंच कुणी कधी सांगितलं नव्हतं. लेचुमी मुळावर ऐसपैस बसली आणि छत्री आडवी धरली. "जा आक्का तुम्ही. माकड आलं तर मी आहे. आणि हा टोपीवाला आला तरी मी आहे."

सॉ इम एका कॅनसह चढली, वरच्या खडकाशी तो ठेवला, बसून उतरावं तसं मुळांवरून घसरत खाली आली, दुसरा घेतला आणि पुन्हा चढली. तोंडाने काहीबाही पुटपुटत होती. त्यात गुडघ्याला शिव्या होत्या, किम हॉकला होत्या, आणि बेंग च्वानलाही दोन-चार होत्या. पाहुण्यांनी तिचंच बघून आपापल्या बाटल्या अर्ध्या वाटेत ठेवायच्या, दम घ्यायचा आणि पुन्हा आणायच्या असं सुरू केलं. खालून तरुण पोरांचा एक घोळका धावत वर गेला. त्यातला एकजण जाता जाता म्हणाला, "अंकल, आंटी, जपून हां!" त्यावर सगळे म्हातारे एकदम ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

टपरीवर पोचले तेव्हा सकाळचा चहा कधीच संपून गेला होता. पुढच्या खडकावरून समुद्र दिसतो, फेरीबोटी दिसतात, पलीकडचा सपाट किनारा आणि मागे केडाचा डोंगर. लेचुमी खडकाच्या टोकाशी गेली आणि तिथेच थांबली.

"आम्ही तिकडून बघायचो," ती म्हणाली. एरवीचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "पहाटे रबराचा चीक काढायला बायका निघायच्या तेव्हा ही टेकडी निळी दिसायची. मी म्हणायचे, तिथे श्रीमंत लोक राहत असतील. इथून आमचा मळा कुठे असेल हो?"

सॉ इमने तिच्या शेजारी उभं राहून अंदाजाने हात केला.

आत किम हॉकने शेगडी पेटवली. सॉ इमने आपले दोन्ही कॅन स्वतःच्या हाताने पिंपात ओतले, शेवटच्या थेंबापर्यंत, त्याला दाखवत. मग भिंतीपाशी गेली. हिरवा मग तिने काढला नाही. निळा काढला. तो हातात धरून ती उभी राहिली, आणि किम हॉकला कळलं की ती त्या अर्ध्या कॅनचाच विचार करतेय.

"उतरवू नकोस," तो हळूच म्हणाला. "आ-सो, त्याला माहीत होतं."

"काय?"

"कॅन अर्धा असतो ते. पहिल्याच आठवड्यात कळलं त्याला. मला म्हणाला, बोलू नकोस हॉक. तिला वाटतंय मला कळत नाही, वाटू दे. तेवढीच तिला झोप लागते."

शेगडीवरचं पाणी खदखदायला लागलं. सॉ इमने डोळे पुसले, बाहीने, खसाखसा, जसे काही डोळ्यांत धूर गेला होता. मग तिने निळा मग धुतला, त्यात आपल्या पाण्याचा चहा ओतला, काठोकाठ, आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. पुन्हा धुऊन तो त्याच्या खिळ्याला लावला.

"तो चांगला माणूस होता," ती म्हणाली. "मी नाही. मला कळलं की मी बोलणार, आणि मला झोप लागली नाही तरी चालेल. ज्या दिवशी माझ्याने एकही कॅन येणार नाही त्या दिवशी तो हिरवा मग मी स्वतः उतरवीन, स्वतः घरी नेईन. संत्री पण माझी मीच घेईन. तोपर्यंत माझ्या पिशवीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"आणि तुझी पाठ बघ कशी झालीय. सहा महिने तीन-तीन कॅन वाहिलेस! तुला कुणी सांगितलं तू तरुण आहेस म्हणून?"

खालून बसचा हॉर्न ऐकू आला. जास्लिनने ड्रायव्हरला कामाला लावलं असणार. हॉर्न थांबेच ना. लेचुमी कागदी पेला घेऊन खडकावर पाय पसरून बसली होती. "वाजव बाळा, वाजव," ती दरीच्या दिशेने म्हणाली. "आम्ही ऐकतोय." आणि तिने बिस्किट चहात बुडवलं.

दुसऱ्या दिवशी सॉ इम नेहमीपेक्षा लवकर फाटकाशी आली, कारण आता तिला सासूचा जिना दोनदा चढायचा होता. नळावर दोन कॅन भरले, पिशवी बाकावर टेकवली आणि देवळीकडे गेली. किम हॉक बाकापाशी उभा होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. उदबत्ती लावून ती दातुकला म्हणाली, "बाबा, ओझं माझं मी बघते. तू फक्त याच्यावर लक्ष ठेव."

मग तिने येऊन पिशवी उचलली. चांगली जड होती.